मागितल्याशिवाय भरू नये

सरकारचं देणं लागतं, खिशात पैसे आहेत आणि वर ते भरायची इच्छाही आहे, असा माणूस लाखात एखादा. अमेरिकेत तो नेमका हॉटेलमालक निघाला, तर मला त्याला सांगावं लागतं, "थांबा. घाई करू नका. अजून तुमच्याकडे कोणी मागितलेलं नाही." हे सांगण्याचे मी पैसे घेतो.

मी न्यू जर्सीत हॉटेलवाल्यांचे हिशेब लिहितो. पिझ्झावाले, ग्रीक डायनरवाले, डोसेवाले आणि अलीकडे मिसळ-वडापाव विकणारी आपली मंडळी. मेनूकार्डं निरनिराळी, दुखणं मात्र सगळ्यांचं एकच: वेटरला मिळालेली आणि वेटरने न सांगितलेली टिप.

आपल्याकडे टिपेचा विषय बडीशेपेच्या ताटलीपाशी सुरू होऊन तिथेच संपतो. सुटे उरले तर ठेवायचे, नाही उरले तर बडीशेप जरा कमी घ्यायची आणि ताटलीकडे न बघता उठायचं. इथे बिलाच्या पंधरा, अठरा, वीस टक्के हिशेब होतो. महाराष्ट्रातून पहिल्यांदाच आलेले आईवडील मुलाला टिपेचा आकडा लिहिताना बघतात, मनात त्याचे रुपये करतात आणि पुढचे दोन दिवस घरीच पिठलं-भात करण्याचा आग्रह धरतात.

त्यांना कसं सांगायचं, की हा दानधर्म नाही, पगार आहे. केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून तिथेच बसलेलं. पण नोकराला टिप मिळत असेल, तर मालकाने पदरचे २.१३ डॉलर दिले तरी भागतं. उरलेली भर टिपेने पडायची. नाही पडली तर ती मालकाने घालायची. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बऱ्याच राज्यांनी, आमच्या न्यू जर्सीनेही, आपापला दर याहून वर ठेवला आहे. पण कल्पना तीच: वेटरला कामावर ठेवतो मालक आणि पोसतं गिऱ्हाईक.

पगार म्हटला की कापाकापी आली. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के, म्हणजे ७.६५ टक्के नोकराचे आणि तेवढेच मालकाचे. टिपेवर नोकराचा हिस्सा १९६५ च्या कायद्याने लागला. मालकाला संपूर्ण टिपेवरचा हिस्सा चिकटला १९८८ पासून. म्हणजे पैसे देतं गिऱ्हाईक, खिशात घालतो वेटर, त्यावर कर भरतो मालक, आणि आकडा ठाऊक असतो फक्त वेटरला.

मग मालकाला तो कळणार कसा? कायद्याचं उत्तर साधं आहे: वेटर सांगेल. महिन्यात वीस डॉलर किंवा त्याहून जास्त टिप मिळाली, तर नोकराने पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मालकाला लेखी कळवायचं. ठरलेल्या फॉर्मवर किंवा साध्या कागदावर, नाव-पत्ता आणि सहीसकट. जगातल्या सगळ्यात मोठ्या अर्थव्यवस्थेचा हा कारभार माणसाच्या शब्दावर चालतो, हे ऐकलं की ऊर भरून येतो. मग ते कागद हातात येतात.

मी असे बरेच कागद पाहिले आहेत. ऑर्डर लिहायच्या पावत्यांची पाठकोरी पानं, कडेला टोमॅटोचा डाग. त्यावर सोमवार चाळीस, मंगळवार चाळीस, बुधवार चाळीस. व्हॅलेंटाइन्स डेला चाळीस, बर्फाच्या वादळात रस्ते बंद होते त्या दिवशीही चाळीस. एका पानावर तर तिसावा दिवसही चाळीसचा होता. महिना फेब्रुवारी होता. विचारलं, तर ताई शांतपणे म्हणाल्या, "सरासरी काढली."

हे सगळं रोखीचं. कार्डावरची टिप लपत नाही, ती मशीनमधून जाते. त्यामुळे कागदोपत्री एक विलक्षण समाज उभा राहतो. कार्डाने पैसे देणारी माणसं दिलदार, अठरा टक्के ठेवणारी. रोख देणारी तीच माणसं त्याच टेबलावर, त्याच वेटरला तीन टक्के टेकवून पसार होतात. यावर वेटर मंडळींचं शास्त्र तयार आहे: "रोखवाले चिक्कूच असतात हो." असतीलही. पण ते सगळे एकाच वेटरच्या टेबलावर येऊन बसतात, एवढं जरा खटकतं.

सरकारलाही खटकतं. म्हणून १९८२ मध्ये एक कायदा झाला. बसून खायची सोय आहे, टिपेची रीत आहे आणि एरवीच्या दिवशी दहाहून अधिक नोकर कामावर असतात, अशा हॉटेलने दरवर्षी फॉर्म ८०२७ भरायचा. त्यात एकूण विक्री, कार्डावरची टिप आणि नोकरांनी सांगितलेली टिप शेजारी शेजारी मांडायची. सांगितलेली टिप विक्रीच्या आठ टक्क्यांहून कमी भरली, तर मधली तूट नोकरांच्या नावावर वाटून त्यांच्या डब्ल्यू-२ मध्ये, म्हणजे वर्षाच्या पगारपत्रकात, दाखवायची. समजा विक्री दहा लाख डॉलर. आठ टक्के म्हणजे ऐंशी हजार. पोरांनी सांगितले बासष्ट हजार. उरलेले अठरा हजार मालकाने वाटायचे. पैसे नव्हे, नुसता संशय.

थोडक्यात, मालक दरवर्षी स्वतःच्या सहीने सरकारला कळवतो की माझ्याकडची माणसं बहुधा खरं सांगत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसांना "गुड मॉर्निंग" म्हणून टेबलं पुसायला सांगतो.

आमचे एक मालक मूळचे साताऱ्याचे. सरळ माणूस. ८०२७ चे आकडे एकमेकांशेजारी पाहून ते अस्वस्थ झाले आणि चेकबुक घेऊनच माझ्याकडे आले.

"साहेब, पोरं सांगत नाहीत, पण मला दिसतंय ना. मागच्या वर्षाचं दुरुस्त करून टाकू. किती होतात सांगा."

"नाही करता येत."

"का? तो फॉर्म आहे ना दुरुस्तीचा? ९४१ ला एक्स लावलेला?"

फॉर्म ९४१ म्हणजे मालकाने दर तिमाहीला भरायचं पगारावरच्या कराचं विवरण. त्यात चूक झाली, तर ९४१-एक्स. पण हा एक्स मालकाच्या चुकीसाठी. वेटरने सांगितलेली टिप विवरणात घालायची राहिली, तर ती मालकाची चूक. वेटरने सांगितलीच नाही, तर कायद्याच्या दृष्टीने मालकाची चूक झालेलीच नाही. मग दुरुस्त काय करणार? न सांगितलेल्या टिपेवरचा मालकाचा हिस्सा देणं लागतो तो आयआरएसने, म्हणजे इथल्या केंद्रीय करखात्याने, रीतसर मागणीपत्र पाठवल्यावरच. आधी एक कच्ची सूचना येते, मग पक्कं पत्र. ते आलं की ज्या तिमाहीत पत्राची तारीख पडेल, त्या तिमाहीच्या ९४१ मध्ये ५एफ नावाची एक ओळ आहे, तिथे आकडा लिहायचा आणि पैसे भरायचे. जुन्या विवरणांना हात लावायचा नाही.

"म्हणजे मला प्रामाणिकपणा करायचा, तर सरकारची परवानगी लागणार?"

"परवानगी नाही. मागणीपत्र."

"आणि ते कधी येतं?"

"येईल तेव्हा."

"नाहीच आलं तर?"

"तर तुम्ही देणंच लागत नाही."

त्यांनी चेकबुक खिशात ठेवलं. पण चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता. रांगेत उभं राहून खिडकीपर्यंत पोचावं आणि खिडकीतल्या माणसाने "उद्या या" म्हणावं, तेव्हा होतो तसा तो चेहरा झाला होता. फरक एवढाच, की इथे उद्या कधी ते कोणी सांगत नाही.

यामागचं तर्कशास्त्र मात्र अस्सल आहे. टिप मिळाली कधी? तुम्ही-आम्ही म्हणू, गिऱ्हाईक उठून गेलं तेव्हा. कायदा म्हणतो, या हिश्शापुरती ती मिळाली, वेटरने लिहून दिली तेव्हा. आणि लिहून दिलीच नाही, तर सरकारने मालकाकडे मागितली तेव्हा. म्हणजे चार वर्षांपूर्वी नाताळात कोणी वेटरच्या हातात वीसची नोट कोंबली असेल, तर ती नोट खर्च झाली, त्यातून आणलेली व्हिस्की संपली, बाटलीही कचऱ्यात गेली, तरी ती टिप अजून मिळालेली नाही. पत्र येईल त्या दिवशी ती मिळेल. त्यामुळे मागच्या काळावर व्याज नाही, दंड नाही. कारण देणं कालपर्यंत नव्हतंच. पण त्याच न्यायाने मुदतीचा भरवसाही नाही. देणंच जन्मलं नसेल, तर त्याची मुदत संपणार कशी? आपल्या पुराणांत अशी वरदानं असतात. पुढे शाप निघतात.

वेटरचं काय, असं कोणी विचारेल. त्याने स्वतःच्या वार्षिक विवरणाला फॉर्म ४१३७ जोडून आपला हिस्सा भरायचा असतो. मालकाला न सांगितल्याबद्दल त्या हिश्शाच्या निम्मा दंडही बसू शकतो. पण त्यासाठी त्याला शोधून, बसवून, टेबलवार हिशेब काढावा लागतो. मालक मात्र एका जागी असतो. त्याच्या दारावर पाटी असते.

सान फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच भागातल्या फिओर द'इतालिया या १८८६ पासूनच्या इटालियन हॉटेलची गोष्ट या बाबतीत आमच्या धंद्यात कथेकऱ्याने सांगावी तशी सांगितली जाते. १९९१ मध्ये तिथल्या नोकरांनी टिप सांगितली २,४७,१८१ डॉलर. आयआरएसने कार्डाच्या पावत्या काढल्या. सरासरी टिप आली १४.४९ टक्के. तो दर रोखीसकट सगळ्या विक्रीला लावला आणि आकडा काढला ४,०३,७२६ डॉलर. पुढच्या वर्षीही तसंच, दर १४.२९ टक्के. दोन्ही वर्षांचा मिळून मालकाच्या हिश्शाचा कर निघाला २३,२६२ डॉलर. कुठल्या वेटरने किती दडवले, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांच्या खिशांची एक मोठी गोधडी शिवली आणि तिचं माप घेतलं.

हॉटेलवाला कोर्टात गेला. त्याचं म्हणणं कोणाही हॉटेलवाल्याचं असावं तसं होतं: रोख देणारे कमी देतात; काही जण कार्डावर टिप मोठी लिहून त्यातले सुटे परत मागून घेतात; महिन्याला वीस डॉलरच्या आतली टिप मोजायचीच नसते; तुम्ही प्रत्येकाचा हिशेब न काढता घाऊक अंदाज कसा लावता? खालच्या दोन्ही कोर्टांनी त्याला उचलून धरलं. मग जून २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्रायर यांनी लिहिला, विरोधातलं मत न्यायमूर्ती सूटर यांनी. घाऊक अंदाज चालतो, असं ठरलं. नऊ न्यायमूर्ती वेटरांच्या खिशाचा विचार करत बसले होते, याचंच मला अप्रूप वाटतं. सान फ्रान्सिस्कोचा एकही वेटर बहुधा तसा बसला नव्हता.

यातली खरी मेख पुढेच आहे. सोशल सिक्युरिटीचा कर कशासाठी? तर म्हातारपणी पेन्शन मिळावी, म्हणून प्रत्येकाच्या नावावर त्याची कमाई नोंदली जाते. पण घाऊक अंदाजात नाव नसतं. मालक भरतो, सरकार घेते, आणि तो पैसा कोणाच्याच नावावर जमा होत नाही. वेटरने दहा वर्षं चाळीस-चाळीस लिहिले, की पुढे पेन्शनही त्या चाळीसांचीच येते. त्या दिवशी मात्र तो म्हणतो, "सरकारने मला लुबाडलं."

आता मालकाची खरीखुरी चूक कशी असते, तेही बघू. मराठी मंडळाचं नाटक संपतं. चौदा जण हॉटेलात शिरतात. मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की सहा किंवा अधिक माणसं असतील तर अठरा टक्के आपोआप लागतील. ते बारा जण वाचत नाहीत. दोघं वाचतात, पण बिल आल्यावर. मग चर्चा होते. एक काका म्हणतात, "हे ऐच्छिक असतं, कायदा आहे." दुसरे म्हणतात, "चौदातले दोघं नुसता चहा प्यायले, त्यांना वगळून टक्के काढा." वेटर पाण्याचा जग घेऊन खांबाशी उभा असतो. शेवटी सगळे भरतात. त्या गोंधळात एक मावशी खालच्या रिकाम्या ओळीत आणखी दहा डॉलर लिहितात, कारण मुलगा गोड होता.

ही अठरा टक्क्यांची रक्कम टिप नाही. आयआरएसने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आणि २०१४ पासून कडक केलं: टिप म्हणायची तर देणं सक्तीचं नको, किती द्यायचे ते गिऱ्हाईकाने ठरवावं, त्यावर घासाघीस किंवा मालकाचा नियम नको आणि कोणाला द्यायचे तेही साधारणपणे गिऱ्हाईकानेच ठरवावं. अठरा टक्के लावले मालकाने, म्हणून ते सर्व्हिस चार्ज. वेटरला दिले की सरळ पगार. मावशींचे दहा डॉलर तेवढे टिप. बऱ्याच हॉटेलांत हे दोन्ही एकाच रकान्यात जाऊन पडतं. ही मात्र मालकाची चूक, आणि इथे ९४१-एक्स लागतो.

तो एका फटक्यात होत नाही. प्रत्येक तिमाहीला वेगळा. नोकरांच्या डब्ल्यू-२ ची दुरुस्ती वेगळी. आणि पहिल्याच पानावर एक रकाना आहे, त्यात मागितलेली माहिती भल्याभल्यांना विचारात पाडते: चूक लक्षात आल्याची तारीख. व्याज वाचवायचं, तर चूक ज्या तिमाहीत सापडली, त्या तिमाहीच्या विवरणाच्या मुदतीआधी सगळं भरावं लागतं. म्हणून ही तारीख फार नाजूक. शेवटच्या पानावर चूक काय, कशी सापडली, हे सविस्तर लिहायचं असतं. एका डायनरवाल्याने मला विचारलं, "बायकोला सापडली असं लिहिलं तर चालेल का? ती दोन वर्षांपूर्वीपासून सांगतेय." मी म्हटलं, बायकोला मुळीच आणू नका, दोन वर्षांचं व्याज पडेल.

सरकार अगदीच निर्दय आहे असंही नाही. किमान वेतनाच्या वरच्या टिपेवर मालकाने जो आपला हिस्सा भरला, तो त्याला आयकरात परत वळता मिळतो, फॉर्म ८८४६ भरून. ही सवलत १९९४ पासून आहे, आणि मागणीपत्र आल्यावर भरलेल्या रकमेलाही ती लागते. म्हणजे एका खिडकीत भरायचे, दुसऱ्या खिडकीतून घ्यायचे. मात्र हे लग्नातल्या आहेरासारखं आहे: दिलेला परत येतो, पण त्यासाठी आपल्या घरी कार्य निघावं लागतं. इथे कार्य म्हणजे नफा. नफा झाला तर आयकर, आयकर असेल तर वळतं. हॉटेलवाल्यांच्या घरी हे कार्य दरवर्षी निघतंच असं नाही. म्हणून न वापरलेली सवलत वीस वर्षं पुढे ओढायची सोय ठेवली आहे. सरकारला हॉटेलधंदा कळतो, असं त्या वीस वर्षांवरून वाटतं.

एवढं सगळं घडी बसलेलं असताना २०२५ मध्ये नवा कायदा आला. टिपेवर कर नाही, अशी त्याची जाहिरात. आमच्याकडच्या वेटरांनी त्या दिवशी एकमेकांना टाळ्या दिल्या. बारकावे नंतर कळले. सवलत फक्त आयकरात, वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपेवर, २०२५ ते २०२८ या चार वर्षांपुरती. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के जसेच्या तसे, वेटरचे आणि मालकाचेही. अठरा टक्क्यांच्या सक्तीच्या आकाराला सवलत नाही. आणि मुख्य अट अशी, की टिप सरकारदरबारी नोंदलेली असली पाहिजे. जी कधी सांगितलीच नाही, तिच्यावर वजावट कशी मिळणार?

परिणाम तातडीने दिसला. ज्या हातांना वर्षानुवर्षं चाळीसच्या पुढचे अंक येत नव्हते, ते आता ११३, ९७, १४१ असे आकडे लिहू लागले. एकाने तर सेंट लिहिले. टोमॅटोचे डाग गेले, तारखा आल्या. कर कमी झाल्यावर माणूस खरं बोलतो, असा याचा अर्थ काढायला अर्थतज्ज्ञ मोकळे आहेत.

घाबरले ते साताऱ्याचे मालक. नवं ८०२७ समोर होतं. आधीच्या वर्षी नोकरांनी सांगितलेली टिप विक्रीच्या आठ टक्क्यांनाही टेकत नव्हती, आता एकदम सतरा टक्के. बोट आकड्यावर ठेवून ते म्हणाले, "साहेब, हे दोन कागद त्यांनी शेजारी ठेवले, की मागच्या सगळ्या वर्षांचं पत्र येणार ना?"

"येऊ शकतं. विचारतील, एका वर्षात गिऱ्हाईकं एवढी उदार कशी झाली?"

त्यांनी जरा विचार केला.

"लिहून टाका," ते म्हणाले, "आचारी बदलला."